सक्तीचा आयडीई आणि हाताला बसलेला एडिटर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं तुम्ही निओव्हिम या कीबोर्डवरून चालणाऱ्या, कोड लिहायच्या एडिटरवर काम केलंय. तीन आठवड्यांपूर्वी नव्या कंपनीत जावाच्या प्रोजेक्टवर रुजू झालात आणि पहिल्याच दिवशी लीडनं सांगितलं, इथे सगळे इंटेलिजे आयडिया या आयडीईवरच (कोड लिहिणं, चालवणं, तपासणं एकाच ठिकाणी करणारं सॉफ्टवेअर) काम करतात. लॅपटॉप विंडोजचा, अ‍ॅडमिन हक्क नाहीत. तुम्ही निओव्हिमची झिप स्वतःच्या फोल्डरात उघडून ठेवलीत, कोड तिथेच लिहिता, आणि शेजारी कुणी येऊन उभं राहिलं की आयडीईची विंडो वर आणता. तुम्ही विचारलंय: कोड चालतोय, मग यात चुकीचं काय? परवानगी मागायची तर कशी? आणि नाही म्हणाले तर?

मी १९ वर्षं या कामात आहे. त्यातली बहुतेक वर्षं व्हिमवर, म्हणजे निओव्हिम ज्यातून निघाला त्या जुन्या एडिटरवर, गेली. टूलची सक्ती मी सोसली आहे, आणि पुढे टीम लीड म्हणून ती केलीही आहे. म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त टोचलं ते विंडो बदलणं. निओव्हिम वापरणं ही तुमच्या आणि लीडच्या बोलण्यातून सुटणारी बाब आहे. लपवणं मात्र दर दिवशी महाग होत जातं. एखादी फाइल विचित्र दिसायला लागली, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं) फक्त तुमच्याच मशीनवर अडला, तर सहकाऱ्याला स्क्रीन दाखवून मदत मागायची तुमची सोय उरत नाही. आणि ज्या दिवशी हे उघड होईल त्या दिवशी चर्चा एडिटरची होणार नाही, ‘अजून काय काय लपवलंय’ याची होईल. नोकरीचे पहिले तीन महिने माणसाच्या शब्दावर विश्वास बसायचे असतात. ते यात घालवू नका.

आता सक्तीकडे वळू. शब्द एक असला तरी त्याच्या पोटात तीन-चार निराळ्या गोष्टी असतात, आणि तुमच्या बाबतीत कोणती आहे त्यावर उत्तर अवलंबून आहे. कधी ती लीडची सोय असते: नवीन आलेल्या माणसाला एकच सेटअप शिकवायचा, अडलं की कुणीही कुणाच्या जागेवर बसून मदत करू शकेल. कधी आयटी विभागाची परवानगी असलेल्या सॉफ्टवेअरची यादी असते. कधी ग्राहकाशी केलेल्या करारात किंवा ऑडिटमध्ये कोणत्या मशीनवर काय चालतं याची नोंद ठेवणं बंधनकारक असतं. आणि कधी नियम असा नसतोच. कुणीतरी ‘सगळे हेच वापरतात’ असं म्हणालेलं असतं आणि नवीन माणसानं त्याचा नियम केलेला असतो. तुमच्या लीडचं वाक्य मी तीनदा वाचलं. ते यांपैकी कशातही बसू शकतं. म्हणून पहिला प्रश्न लीडला एवढाच विचारा: हा नियम टीमचा आहे की कंपनीचा?

उत्तर ‘कंपनीचा’ आलं तर चिडण्याआधी आयटीवाल्यांची भीती समजून घ्या, कारण ती खरी आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये एक्सकोडघोस्ट नावाचं प्रकरण उघडकीस आलं. चीनमधल्या अनेक डेव्हलपरांना अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून एक्सकोड, म्हणजे आयफोनची अ‍ॅप बनवायचं टूल, उतरवायला फार वेळ लागायचा, म्हणून त्यांनी तो फाइल-शेअरिंगच्या जागेवरून घेतला. त्या प्रतीत कुणीतरी फेरफार केलेला होता. परिणाम असा झाला की त्यावर बिल्ड केलेल्या अ‍ॅपमध्ये घातक कोड आपोआप शिरला, ती अ‍ॅप थेट अ‍ॅप स्टोअरवर पोचली, आणि त्यांत वीचॅटसारखं प्रचंड वापराचं अ‍ॅपही होतं. त्या डेव्हलपरांनी टूल अगदी अधिकृतच निवडलं होतं, फक्त आणलं दुसऱ्या दारानं. तुमच्या फोल्डरातल्या झिपकडे आयटीवाला याच नजरेनं बघतो. शिवाय एकटा निओव्हिम नसतो, त्याच्यासोबत वीस-पंचवीस प्लगिन, म्हणजे जादा सोयींचे जोड, असतात, ती वेगवेगळ्या लोकांच्या रेपोंतून (कोड साठवायच्या जागांतून) येतात, अपडेटही तिथूनच होतात, आणि तुमच्या लॉगिनला जे जे उघडतं ते सगळं त्यांनाही उघडतं.

परवान्याचंही तसंच. ऑगस्ट २०२१ मध्ये डॉकर डेस्कटॉप या डेव्हलपरांच्या टूलच्या अटी बदलल्या आणि २५० किंवा जास्त कर्मचारी, अथवा १ कोटी डॉलरहून जास्त वार्षिक उत्पन्न असलेल्या कंपन्यांना तो पैसे देऊन घेणं भाग पडलं. आधी जे फुकट होतं ते हिशेबात आलं. कुणाच्या मशीनवर काय आहे याची यादी ज्यांच्याकडे होती ते सुटले. निओव्हिम मुक्त परवान्याचा आहे, तुमचा तो प्रश्न येणार नाही, पण यादी ठेवणाऱ्याला प्रत्येक वेळी हे तपासावंच लागतं.

उत्तर ‘टीमचा’ आलं तर वाट बरीच मोकळी आहे. पण आधी एक गोष्ट स्वतः तपासा. नवीन फोल्डरात रेपो क्लोन करा, आयडीई बंद ठेवा, आणि टर्मिनलवरून ग्रेडल किंवा मेव्हन, जावाच्या या बिल्ड टूलांपैकी जे असेल त्यानं, पूर्ण बिल्ड आणि टेस्ट चालवा. पास झालं तर प्रोजेक्ट आयडीईवर अवलंबून नाही. अडकलं, तर कुठे अडकलं ते लिहून ठेवा. मी अशी टीम पाहिली आहे जिथे एनव्हायर्नमेंटच्या चार व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून मिळणारी मूल्यं) फक्त आयडीईच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये होत्या आणि कुणालाच ते माहीत नव्हतं. नवीन माणूस आला की कुणीतरी ती फाइल चॅटवर पाठवायचं. ते दुरुस्त करून द्या. एडिटर बदलायची परवानगी मिळो न मिळो, हे काम टीमला हवंच असतं, कारण सीआयच्या, म्हणजे प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या, सर्व्हरवर कुठलाच आयडीई नसतो. आणि परवानगी मागताना तुमच्या बाजूनं सगळ्यात भक्कम बोलणारी गोष्ट हीच ठरते.

यापुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. माझा हिशेब असा: तुमच्या स्क्रीनवर जे राहतं ते तुमचं, आणि कमिटमधून (टीमच्या कोडमध्ये नोंदवलेल्या बदलातून) जे बाहेर पडतं ते सगळ्यांचं. ‘कोड चालतोय’ हे तुम्ही म्हणता तेव्हा या दुसऱ्या भागाकडे तुमचं लक्ष नाहीये, असं मला वाटतं.

हे मी कशी शिकले ते सांगते. बिलिंगच्या एका मोड्यूलवर काम करत होते. टीम दुसऱ्या आयडीईवर, मी एकटी व्हिमवर. एका जुन्या फाइलमध्ये एक तुलना चुकली होती, ‘पेक्षा कमी’च्या जागी ‘पेक्षा कमी किंवा समान’ हवं होतं. एका चिन्हाची दुरुस्ती. माझ्या व्हिममध्ये सेव्ह करताना ओळींच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढून टाकायची सेटिंग होती. फाइल जुनी, दहा जणांच्या हातांखालून गेलेली; सेव्ह केल्याबरोबर डिफमध्ये, म्हणजे काय बदललं ते दाखवणाऱ्या यादीत, अकराशेवर ओळी बदललेल्या दिसायला लागल्या. मी रिव्ह्यूला पाठवताना लिहिलं, ‘एक ओळ सोडून बाकी सगळा व्हाइटस्पेस आहे.’ रिव्ह्यू करणाऱ्यानं माझ्या शब्दावर विसंबून मंजूर केलं.

तो सगळा व्हाइटस्पेस नव्हता. त्या दिवसांत मी अर्धा वेळ त्यांच्या आयडीईत, अर्धा वेळ व्हिममध्ये असायचे. फाइल संपूर्ण निवडावी म्हणून मी सवयीनं कंट्रोल-ए दाबलं होतं. व्हिमच्या नॉर्मल मोडमध्ये (जिथे बटणं अक्षरं न लिहिता आज्ञा देतात) कंट्रोल-ए दाबलं की कर्सरखालचा किंवा त्याच ओळीत पुढे असलेला आकडा एकानं वाढतो. निवडलं काहीच गेलं नाही, मी दुसरं काहीतरी केलं आणि पुढे गेले. त्या ओळीवर बिल भरायची मुदत होती, ३० दिवस. ती ३१ झाली. पुढचे अकरा दिवस निघालेल्या प्रत्येक बिलावर एक दिवस जास्तीचा छापला गेला. सापडलं तेव्हा डिफ पुन्हा उघडला. अकराशे ओळींत तो ३१ कुठेतरी मधोमध होता, डोळ्यांसमोर असून न दिसणारा.

व्हिम वाईट, असं मी यातून ठरवलं नाही. मी अजूनही तोच वापरते. पण त्या दिवसापासून माझ्या टूलनं केलेला प्रत्येक बदल मी स्वतः वाचल्याशिवाय बाहेर जाऊ देत नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये, बदल तुकड्यातुकड्यानं घेता येतात, ‘गिट अ‍ॅड’ला ‘पी’चा पर्याय लावला की प्रत्येक तुकडा दाखवून विचारतं, घेऊ का? मी अजून प्रत्येक कमिट तसाच करते. डिफमध्ये व्हाइटस्पेस वगळून बघायचा ‘डब्ल्यू’ पर्यायही आहे. मला वाटेल त्यापेक्षा जास्त ओळी डिफमध्ये दिसल्या की मी आधी तोच लावते.

तुमच्या बाबतीत जावा आहे म्हणून काही नेमक्या जागा सांगते. इंटेलिजे आयडिया मूळ सेटिंगमध्ये एकाच पॅकेजमधले पाच क्लास इंपोर्ट झाले की त्यांची तारांकनवाली एक ओळ करतो. तुमच्या निओव्हिममागचा लँग्वेज सर्व्हर (एडिटरला भाषेची समज देणारा वेगळा प्रोग्राम) इंपोर्टची मांडणी स्वतःच्या पद्धतीनं करतो. दोघांनी आलटून-पालटून तीच फाइल सेव्ह केली की इंपोर्टच्या ओळी प्रत्येक कमिटमध्ये मागेपुढे नाचत राहतात आणि रिव्ह्यू करणाऱ्याचा जीव जातो. यावर उपाय एडिटरकॉन्फिगची, म्हणजे सगळ्या एडिटरांसाठी मांडणीचे सामाईक नियम असलेली, फाइल रेपोच्या मुळाशी ठेवणं. इंटेलिजे ती स्वतःहून वाचतो, त्याच्या इंपोर्टच्या सेटिंगसुद्धा तिच्यात लिहिता येतात; निओव्हिमही ०.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, प्लगिनशिवाय तिच्यातल्या सर्वसाधारण सेटिंग वाचतो. त्याहून पक्का उपाय म्हणजे फॉरमॅटर (कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारं टूल) बिल्डमध्येच बसवणं, म्हणजे कुणाचा एडिटर कोणता हा प्रश्नच मिटतो. पण सगळा जुना कोड एकदम फॉरमॅट करायचा तर तो वेगळा कमिट ठेवा, आणि गिटच्या २.२३ आवृत्तीपासून ब्लेममधून (कोणती ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणारी सोय) असा कमिट वगळता येतो, ती सोय लावून द्या. नाहीतर प्रत्येक ओळीखाली तुमचंच नाव येईल.

विंडोजवर ओळींचे शेवट हा दुसरा सापळा, कारण तिथे ओळ संपल्याची खूण वेगळी असते. ते गिटअ‍ॅट्रिब्यूट्सच्या फाइलमध्ये ठरवा, प्रत्येकाच्या वैयक्तिक सेटिंगवर सोडू नका. आणि तुमच्या स्वॅप फाइल, बॅकअप फाइल, प्लगिनच्या कॅश, यांच्यासाठी प्रोजेक्टच्या गिटइग्नोरमध्ये (गिटनं कोणत्या फाइल सोडून द्यायच्या त्या यादीत) ओळी घालू नका. तुमच्या मशीनपुरती जागतिक इग्नोर फाइल असते, तिथे घाला. लहान बाब आहे, पण स्वतःच्या आवडीचा पसारा दुसऱ्याच्या घरात न ठेवणं यालाच म्हणतात.

आता एक जरा अवघड विचार. तुम्ही ‘निओव्हिमशिवाय माझा वेग निम्मा होतो’ असं लिहिलंय. त्यातला किती वेग निओव्हिमचा आणि किती तुमच्या बोटांचा? व्हिमचा पूर्वज व्हीआय हा एडिटर १९७६ साली बिल जॉयनं लिहिला, व्हिमची पहिली जाहीर आवृत्ती १९९१ सालची. हे बटणांचं व्याकरण इतकं जुनं आणि इतक्या लोकांच्या हातात मुरलेलं आहे की आज जवळपास प्रत्येक आयडीईत ते मिळतं. इंटेलिजेसाठी आयडियाव्हिम नावाचं प्लगिन आहे, इंटेलिजे बनवणाऱ्या जेटब्रेन्सचंच आहे, मोफत आहे. त्याची स्वतःची सेटिंगची फाइल असते, तिच्यात तुमचे मॅपिंग (बटणांना दिलेली कामं) तुम्ही जवळजवळ जसेच्या तसे उतरवू शकता, आणि त्याहून मोठं म्हणजे आयडीईच्या कुठल्याही क्रियेला तुमची बटणं देऊ शकता. माझ्याकडे लीडर की (आपण ठरवलेलं सुरुवातीचं बटण) आणि ‘आर’ ‘एन’ दाबलं की इंटेलिजेचं रीनेम उघडतं. पहिला आठवडा चिडचिडीचा जातो, कारण काही कोपरे वेगळे वागतात. तिसऱ्या आठवड्यात मला कोणत्या खिडकीत आहे हे आठवावं लागत नव्हतं. आधी कंपनीच्या यादीत हे प्लगिन बसतं का ते विचारा. आयडीईच्या आतलं प्लगिन मंजूर होणं वेगळ्या एडिटरपेक्षा बरंच सोपं असतं.

आणि आयडीईला खरी संधी द्या. लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल २०१६ मध्ये आला तेव्हापासून साध्या एडिटरांना भाषेची समज मिळाली, आधी प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचं वेगळं काम करावं लागायचं ते संपलं. गो, रस्ट, पायथन लिहिताना मला आज आयडीईची उणीव भासत नाही. जावाच्या मोठ्या प्रोजेक्टचं माझं मत निराळं आहे. इंटरफेस वेगळा काढणं, मेथडची सही बदलून तिचे दोनशे वापर एकदम दुरुस्त करणं, अटीवर थांबणारा ब्रेकपॉइंट लावून चालू प्रोसेसला जोडणं, यात इंटेलिजे अजून पुढे आहे. मी स्वतः जावासाठी दोन्ही उघडे ठेवते. महिनाभर मनापासून वापरून मग ‘मला हे नको’ म्हणालात तर तुमच्या म्हणण्याला वजन येईल. आत्ता तुम्ही तीन आठवडे ते टाळत आलात, तुलना केलेलीच नाही.

परवानगीबद्दल. माझ्या टीममध्ये एकानं ती मागितली होती आणि मी दिली, म्हणून काय पटलं ते सांगते. तो ‘हे जास्त चांगलं आहे’ असं एकदाही म्हणाला नाही. अर्ध्या पानाचा मेल होता. बिल्ड टर्मिनलवरून चालतो हे त्यानं दाखवलं. फॉरमॅटिंग आयडीईशी जुळतं, तपासायला हा डिफ पाहा, असं लिहिलं. प्लगिनची नावं आणि पक्क्या केलेल्या आवृत्त्या जोडल्या. आणि शेवटी तीन ओळी: माझ्या एडिटरची अडचण मी टीमच्या वेळात सोडवणार नाही, कुणासोबत बसून काम करताना आयडीईच उघडेन, सहा आठवड्यांनी तुम्हाला त्रास वाटला तर मी परत येईन. त्या शेवटच्या ओळीमुळे मला निर्णय घेणं सोपं गेलं, कारण ‘हो’ म्हणून मी कायमची अडकत नव्हते. सहा आठवड्यांनी मला विचारायचीही आठवण राहिली नाही. बोलायची वेळही बघून निवडा; रिलीजच्या आठवड्यात कुठलाही लीड अशा मेलला नाहीच म्हणेल.

नाही म्हणाले तर? टीमच्या सोयीखातर नाही म्हणाले असतील तर तीन-चार महिने चांगलं काम करून पुन्हा विचारा. नियम कंपनीचा असेल तर आयटीकडे नवीन सॉफ्टवेअर यादीत घालायचा अर्ज असतोच, लीडच्या संमतीनं तो भरा. वेळ लागतो, पण मंजूर झाला की तुमच्यामागून येणाऱ्यांनाही तो एडिटर उघडपणे वापरता येतो. करार किंवा ऑडिटमुळे नाही असेल तर तो विषय तिथे संपतो. तेव्हा आयडियाव्हिम, टर्मिनल, गिटची तुमची उपनावं (लांब आज्ञांची छोटी नावं), एवढ्यावर घर मांडा. तेवढ्यात बरंच भागतं.

दोन वाटा मात्र कधीच घेऊ नका. कोड स्वतःच्या लॅपटॉपवर नेऊन तिथे लिहिणं ही एक. दुसरी म्हणजे तुमच्या जुन्या कॉन्फिगमध्ये एआयनं कोड सुचवणारं एखादं प्लगिन राहून गेलं असेल तर ते तसंच चालू ठेवणं. ते तुमच्या उघड्या फाइलचा भाग बाहेरच्या सर्व्हरला पाठवतं. तीन आठवडे ते चालू होतं की नाही, हे आजच बघा. चालू असेल तर एडिटरचा विषय बाजूला ठेवून हे लीडला आधी सांगा, स्वतःहून.

नोकरी सोडावी का, असंही तुम्ही शेवटी ओझरतं विचारलंय. एडिटरसाठी मी सोडणार नाही. पण एखाद्या जागी कुठलाच नियम का आहे हे कुणी सांगू शकत नसेल, विचारलं की राग येत असेल, तर ते एडिटरपुरतं थांबत नाही, आणि तेव्हा मी नक्की विचार करेन. तुमच्या लीडला तुम्ही अजून काहीच विचारलेलं नाही, त्यामुळे तो तसा आहे की नाही हे तुम्हालाही ठाऊक नाही.

तेव्हा क्रम असा ठेवा. आज त्या झिपमधून उघडलेला फोल्डर काढून टाका आणि गेल्या तीन आठवड्यांतले तुमचे कमिट व्हाइटस्पेस, इंपोर्ट आणि ओळींचे शेवट यासाठी एकदा डोळ्यांखालून घाला. मग टर्मिनलवरचा बिल्ड. मग लीडकडे जा, आणि पहिलं वाक्य हे असू द्या की मी तीन आठवडे निओव्हिम वापरत होतो, आता काढलाय, आणि मला त्याबद्दल बोलायचंय. काय उत्तर आलं ते इथे लिहा. आयडियाव्हिमच्या फाइलमध्ये कुठे अडलात तर तेही टाका, माझी फाइल समोर ठेवून सांगेन.